दिल्लीतील इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक नीट कसे पाहावे

नवी दिल्लीत कर्तव्य पथाच्या पूर्व टोकाला दोन युद्धस्मारके एकमेकांच्या अगदी जवळ उभी आहेत. एक १९३१ साली ब्रिटिश राजवटीत पूर्ण झालेले इंडिया गेट आणि दुसरे २०१९ साली स्वतंत्र भारताने उभारलेले राष्ट्रीय युद्ध स्मारक. पहिले सगळ्यांना ठाऊक असते. दुसऱ्याकडे अनेक पर्यटक वळतही नाहीत. आणि दोन्हींवर मिळून हजारो शिपायांची नावे कोरलेली आहेत, हे तर फारच थोड्यांच्या ध्यानात येते. कमानीसमोर फोटो काढून, हिरवळीवर अर्धा तास बसून परत निघण्यात काही गैर नाही, परंतु ज्यांच्यासाठी ही कमान बांधली त्यांच्याशी आपली ओळखच होत नाही. ही नावे वाचायची असतील, तर कोणाचे नाव कुठे सापडेल आणि कुठे सापडणार नाही हे आधी कळायला हवे. या लेखातील बहुतेक माहिती त्याच दृष्टीने दिली आहे.

जाण्याआधी : नावाचा शोध

सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या भागांतील कितीतरी घरांत एखादा पणजोबा किंवा खापरपणजोबा ‘पलटणीत होता आणि परत आला नाही’ एवढीच आठवण उरलेली असते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अनेक गावांत दगडी पाट्या बसवल्या. या गावातून किती जण महायुद्धाला गेले आणि किती कामी आले, एवढेच आकडे त्या पाट्यांवर आहेत, नावे नाहीत. दिल्लीला निघालेल्या माणसाला स्वाभाविकपणे वाटते, की ती नावे इंडिया गेटवर असतील. इथेच मोठा गैरसमज होतो आणि तो घरीच दूर करून निघालेले बरे.

इंडिया गेट हे १९१४ ते १९२१ या काळात प्राण गमावलेल्या सुमारे ७०,००० भारतीय सैनिकांचे स्मारक आहे, पण त्याच्या भिंतींवर प्रत्यक्ष कोरलेली नावे तेरा हजारांच्या थोडी वर आहेत. ही नावे कोणाची, हे कमानीच्या माथ्यावरील लेखातच सांगितलेले आहे. फ्रान्स आणि फ्लँडर्स, मेसोपोटेमिया आणि इराण, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली आणि पूर्वेकडील इतर रणभूमींवर पडलेल्यांना तो लेख एकत्रितपणे वंदन करतो, आणि नावे मात्र जे हिंदुस्थानात किंवा वायव्य सरहद्दीवर मरण पावले आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात कामी आले त्यांचीच नोंदवतो. म्हणजेच आपला पूर्वज वझिरीस्तानात किंवा खैबरच्या बाजूला मारला गेला असेल, तर त्याचे नाव इथे असण्याची शक्यता आहे. तो फ्रान्समध्ये गेला असेल, तर ते तिथल्या नव्ह-शापेल येथील भारतीय स्मारकावर शोधावे लागेल.

मराठा पलटणींच्या बाबतीत मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकचा, प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तिथे लढलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या आणि ही डिव्हिजन कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. वेढ्यात उपासमारीने, आजारांनी आणि नंतर कैदेत असंख्य शिपाई मेले. त्यांचे स्मारक बसरा येथे आहे. पण त्या स्मारकावर भारतीय सैन्यातील अधिकाऱ्यांचीच नावे कोरली गेली. साध्या शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली मृतांची केवळ संख्या लिहिली गेली. या भेदभावाची कबुली महायुद्धांतील मृतांच्या समाध्या व स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात दिली आणि त्याबद्दल माफीही मागितली. दिल्लीत नाव सापडले नाही म्हणून आपला पणजोबा लढलाच नाही, असा निष्कर्ष कोणीही काढू नये यासाठी हे इतक्या विस्ताराने लिहिले आहे. दगडावर नसले तरी शिपायांचे नाव आयोगाच्या नोंदींत असू शकते, आणि त्या नोंदी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

त्या शोधासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नावे इंग्रजीत आहेत आणि ती लिहिणाऱ्या कारकुनाने जशी ऐकली तशी लिहिली आहेत, म्हणून जाधव, शिंदे, पवार अशा आडनावांची तीन-चार निरनिराळी स्पेलिंगे करून पाहावीत. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, आणि खरी ओळख त्यावरूनच पटते; मात्र हे जिल्हे त्या काळचे आहेत. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगाव किंवा वाळवा भागातील माणूस साताऱ्याखाली मिळेल, आजच्या सिंधुदुर्गातील मालवणचा माणूस रत्नागिरीखाली आणि रायगडचा कुलाब्याखाली. सावंतवाडी किंवा कोल्हापूरसारख्या संस्थानातील शिपायाची नोंद संस्थानाच्या नावाने असू शकते. नोंदीत ‘दिल्ली मेमोरियल, इंडिया गेट’ असे लिहिलेले असेल, तर त्यापुढे ‘फेस’ आणि एक आकडा असतो. तो आकडा म्हणजे कमानीचा कोणता पृष्ठभाग ते सांगणारी खूण आहे. तो लिहून घ्यावा, कारण कमानीखाली उभे राहून तेरा हजार नावांत एक नाव शोधणे शक्य नाही.

दुसऱ्या महायुद्धात वीरमरण आलेल्यांची नावे यांपैकी कोणत्याही स्मारकावर नाहीत, हेही इथेच सांगून ठेवतो. रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांचा शोध त्या मानाने खूपच सोपा आहे. राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या संकेतस्थळावर नावांची यादी असून तिथे शोध घेता येतो. जवानाचे पूर्ण नाव, हुद्दा, पलटण आणि वीरमरणाचे वर्ष या चार गोष्टी कागदावर लिहून सोबत न्याव्यात. आपल्या घरातील कोणी नसेल, तर गावातील किंवा तालुक्यातील हुतात्मा जवानाचे नाव घ्यावे. गावाच्या वेशीवर किंवा शाळेच्या आवारात ज्यांचे छोटे स्मारक आपण रोज पाहतो, त्यांचे नाव राजधानीतील भिंतीवर प्रत्यक्ष वाचणे हा या भेटीचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि मुलांना सोबत नेत असल्यास तर हे काम मुलांकडेच सोपवावे.

कधी जावे, कसे पोहोचावे

ऑक्टोबरचा उत्तरार्ध, नोव्हेंबरचा आरंभ, तसेच फेब्रुवारी आणि मार्च हे दिवस उत्तम. डिसेंबर-जानेवारीत धुके आणि धूर यांमुळे कमान दुरून नीट दिसत नाही आणि गाड्या तासन् तास उशिरा धावतात. मे-जूनमध्ये जावे लागलेच, तर सकाळी लवकर जावे, कारण राष्ट्रीय युद्ध स्मारकाचा मोठा भाग उघड्यावर आहे आणि दगडी फरशी दुपारी असह्य तापते.

२६ जानेवारीच्या आगेमागे मात्र हा परिसर टाळावा. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तयारी, सराव आणि २९ जानेवारीचा बीटिंग रिट्रीट यांमुळे रस्ते बंद होतात आणि प्रवेशावर निर्बंध येतात. १५ ऑगस्टच्या आधीही बंदोबस्त कडक असतो. याशिवाय २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, ४ डिसेंबरचा नौदल दिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस अशा दिवशी सेनाप्रमुख किंवा इतर मान्यवर पुष्पचक्र अर्पण करण्यास येतात आणि त्या वेळी सामान्यांचा प्रवेश काही काळ थांबवला जातो. तारखा जुळत असल्यास आदल्या दिवशी चौकशी करून मगच निघावे.

दोन्ही ठिकाणी प्रवेश विनामूल्य आहे. इंडिया गेटचा परिसर उघडा आहे, तर राष्ट्रीय युद्ध स्मारक सकाळी उघडून संध्याकाळी बंद होते आणि बंद होण्याची वेळ हिवाळ्यात लवकरची असते. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी दुपारी अडीचच्या सुमारास पोहोचावे, असे मी सुचवेन. इंडिया गेटसाठी तासभर, युद्ध स्मारकासाठी दोन तास, आणि त्यानंतर संध्याकाळचा मानवंदनेचा कार्यक्रम, असा क्रम त्यामुळे सहज बसतो.

महाराष्ट्रातून येणाऱ्या अनेक गाड्या नवी दिल्ली किंवा हजरत निजामुद्दीन स्थानकात पोहोचतात. वास्कोहून पुण्यामार्गे येणारी गोवा एक्सप्रेस आणि मुंबईहून येणारी सीएसएमटी राजधानी निजामुद्दीनला थांबतात. शहरात मेट्रोने फिरावे. सेंट्रल सेक्रेटरिएट स्थानकावर उतरल्यास कर्तव्य पथाने सरळ पूर्वेकडे सुमारे दोन किलोमीटर चालत जाता येते. हवा चांगली असेल तर हाच मार्ग धरावा, कारण कमान दुरून हळूहळू मोठी होत जाते आणि वास्तुरचनाकार एडविन लटेन्सने ही वास्तू राष्ट्रपती भवनाच्या समोरासमोर का ठेवली, ते चालताना आपोआप उमगते. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर खान मार्केट किंवा सुप्रीम कोर्ट स्थानकापासून रिक्षा करावी. स्वतःच्या गाडीने जाणे त्रासाचे ठरते, कारण सी-हेक्सागॉन या वर्तुळाकार रस्त्यावर थांबू देत नाहीत. रस्ता ओलांडण्यासाठी भुयारी मार्ग आहेत. वाहनांच्या मधून पळत जाण्याचे धाडस कोणीही करू नये. कस्तुरबा गांधी मार्गावरील नवीन महाराष्ट्र सदन इथून जवळ आहे, त्यामुळे जेवणाची सोय त्या बाजूला पाहता येते.

मोठ्या पिशव्या हॉटेलवरच ठेवाव्यात, कारण स्मारकात शिरताना सुरक्षा तपासणी होते. पाण्याची बाटली, टोपी आणि ओळखपत्र जवळ असावे.

इंडिया गेटसमोर काय पाहावे

कमानीची पायाभरणी १० फेब्रुवारी १९२१ रोजी ड्यूक ऑफ कनॉट यांच्या हस्ते झाली आणि दहा वर्षांनी, १२ फेब्रुवारी १९३१ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी तिचे उद्घाटन केले. उंची ४२ मीटर. भरतपूरच्या दगडातील ही वास्तू प्रथमदर्शनी विजयाची कमान वाटते. ती विजयाची नाही, मृतांची आहे. माथ्यावर दोन्ही बाजूंना इंग्रजीत ‘इंडिया’ एवढाच शब्द मोठ्या अक्षरांत कोरला असून त्याच्या डावीकडे रोमन अंकांत १९१४ आणि उजवीकडे १९१९ ही वर्षे आहेत. त्याखाली वर सांगितलेला लेख आहे. तो सावकाश वाचावा, सोबतच्यांना मराठीत समजावून सांगावा आणि मगच भिंतींकडे वळावे.

कमानीला सहसा कठडे असतात आणि अगदी भिंतीपर्यंत जाता येत नाही, शिवाय नावे बरीच वरपर्यंत गेलेली आहेत. छोटी दुर्बीण किंवा चांगला झूम असलेला कॅमेरा जवळ असेल तर तिचा इथे खरा उपयोग होतो. सकाळचे किंवा दुपारनंतरचे तिरपे ऊन दगडावर पडलेले असताना कोरलेली अक्षरे उठून दिसतात. माध्यान्हीच्या उन्हात ती पुसट होतात. आपल्याजवळ ‘फेस’चा आकडा नसला, तरी एखादी बाजू निवडून दहा-पंधरा नावे वाचावीत. पलटणींनुसार लावलेल्या त्या नावांत पंजाबी, पठाण, गुरखा, गढवाली, राजपूत, मराठे आणि ब्रिटिश अधिकारी असे सगळे मिसळलेले दिसतात. यांतील कितीतरी जणांची गावे आज पाकिस्तानात आहेत. एका परिचारिकेचेही नाव त्यांत आहे.

कमानीखाली पूर्वी अमर जवान ज्योती होती. १९७१ च्या युद्धातील हुतात्म्यांसाठी काळ्या संगमरवरी चौथऱ्यावर उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण आणि भोवती ज्योत, असे ते स्मारक इंदिरा गांधी यांनी २६ जानेवारी १९७२ रोजी राष्ट्राला अर्पण केले होते. आजी-आजोबांच्या पिढीने दिल्लीची सहल केली असेल, तर त्यांच्या आठवणीत इंडिया गेट म्हणजे तीच ज्योत असते आणि ती तिथे न दिसल्याने ते हळहळतात. २१ जानेवारी २०२२ रोजी ती ज्योत शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली आणि त्याच वर्षी बंदूक व शिरस्त्राणही तिकडे हलवले गेले. त्यांना हे आधीच सांगून ठेवावे आणि पुढे परम योद्धा स्थलावर ती बंदूक आवर्जून दाखवावी.

कमानीच्या पूर्वेला दगडी छत्री आहे. तिच्यात पूर्वी पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो १९६८ साली काढला गेला आणि छत्री अनेक दशके रिकामी राहिली. ८ सप्टेंबर २०२२ पासून तिथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा काळ्या ग्रॅनाइटमधील २८ फुटी पुतळा आहे. इथे पाच-दहा मिनिटे पुरतात.

राष्ट्रीय युद्ध स्मारक

छत्रीच्या पलीकडे साधारण ४० एकरांवर पसरलेले हे स्मारक दुरून फारसे नजरेत भरत नाही, आणि ते जाणूनबुजून तसे केले आहे. इंडिया गेटची दृष्टिरेषा अडू नये म्हणून ते जमिनीलगत आणि काही अंशी खोलगट ठेवले असून मधला स्तंभ तेवढा वर येतो. पाट्यांवर ‘राष्ट्रीय समर स्मारक’ असे हिंदी नाव दिसेल. जागतिक स्पर्धेतून चेन्नईच्या वी-बी डिझाइन लॅब या संस्थेचा आराखडा निवडला गेला आणि २५ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे लोकार्पण झाले. प्रजासत्ताक दिनी पंतप्रधान पुष्पचक्र वाहतात ते २०२० पासून इथेच.

रचना चार वर्तुळांची आहे. सर्वांत बाहेर झाडांच्या ओळींचे रक्षक चक्र, त्याच्या आत नावांच्या भिंतींचे त्याग चक्र, मग भित्तिशिल्पांचे वीरता चक्र आणि केंद्रस्थानी स्तंभ व अखंड ज्योत असलेले अमर चक्र. भिंतींची मांडणी चक्रव्यूहाच्या कल्पनेवर केलेली आहे. बहुतेक लोक प्रवेश करताच ज्योतीकडे धाव घेतात, तिथे गर्दी करतात आणि परततात, त्यामुळे नावांच्या भिंती त्यांच्या डोळ्यांसमोरून नुसत्या सरकतात. माझा आग्रह असा, की बाहेरून आत याच क्रमाने जावे आणि निम्म्याहून अधिक वेळ त्याग चक्राला द्यावा.

त्याग चक्रात सोळा भिंती आहेत. स्वातंत्र्योत्तर काळात वीरमरण आलेल्या प्रत्येक जवानासाठी ग्रॅनाइटची एक स्वतंत्र वीट, तिच्यावर सोनेरी अक्षरांत नाव आणि त्याच्या पलटणीचा उल्लेख. लोकार्पणाच्या वेळी ही नावे २५,९४२ होती आणि त्यानंतर त्यांत भर पडतच गेली आहे. १९४७-४८ चे काश्मीर, १९६१ ची गोवामुक्ती, १९६२ चे चीनशी झालेले युद्ध, १९६५, १९७१, सियाचीन, श्रीलंका, १९९९ चे कारगिल, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेना आणि सीमेवरील रोजच्या चकमकी या सगळ्यांतील नावे इथे आहेत. गोव्याहून येणाऱ्यांनी डिसेंबर १९६१ च्या कारवाईतील नावे शोधावीत, कारण ज्या दोन दिवसांच्या लष्करी कारवाईला आपण सहजपणे ‘गोवामुक्ती’ म्हणतो, तिच्यातही जवानांना प्राण द्यावे लागले, हे गोव्यातही पुष्कळांना माहीत नसते.

नाव शोधण्यासाठी स्मारकात डिजिटल पडदे आहेत. सोबत आणलेली माहिती घातली, की नाव कोणत्या भिंतीवर आहे ते कळते. पडदा बंद असेल किंवा त्याच्यापुढे रांग असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावे. हातातील कागदावर हुद्दा आणि पलटण लिहिलेली असेल तर ते लगेच मदत करू शकतात. केवळ ‘पाटील’ किंवा ‘जाधव’ सांगितल्यास त्यांचाही नाइलाज होतो, कारण त्या नावाच्या विटा पुष्कळ आहेत. वीट सापडल्यावर तिच्या शेजारच्या चार विटाही वाचाव्यात. पलटण वेगळी, प्रांत वेगळा, आणि तरीही दोन नावे एकाच भिंतीवर टेकलेली आहेत, हे तिथे उभे राहिल्यावरच जाणवते.

वीरता चक्राच्या छताखालील दालनात काशाची सहा मोठी भित्तिशिल्पे आहेत. ती धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे जन्मलेले शिल्पकार राम सुतार यांची आहेत, आणि मराठी पर्यटकाने ती घाईने ओलांडून जाऊ नयेत. विषय असे : १९४८ चे तिथवाल, १९६२ चे रेझांग ला, १९७१ मधील गंगासागर व लोंगेवाला, त्याच युद्धातील नौदलाची ऑपरेशन ट्रायडंट आणि १९८४ मध्ये सियाचीनवर सुरू झालेली ऑपरेशन मेघदूत. प्रत्येक शिल्पामागची घटना ठाऊक नसेल, तर सहाही शिल्पे सारखीच भासतात, म्हणून निदान दोन घटना आधी वाचून जाव्यात.

मी रेझांग ला आणि ट्रायडंट सुचवेन. रेझांग ला येथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊंची चार्ली कंपनी लडाखमधील चुशूलच्या रक्षणासाठी सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर लढली. कंपनीतील सव्वाशेच्या आसपास जवानांपैकी शंभराहून अधिक जण तिथेच पडले. पुढच्या वर्षी बर्फ वितळू लागल्यावर त्यांचे देह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. ऑपरेशन ट्रायडंटचा संबंध मुंबईशी आहे. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला, आणि त्या दिवसाची आठवण म्हणून ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळला जातो. पाचच दिवसांनी, ९ डिसेंबरला, आयएनएस खुकरी ही युद्धनौका दीवजवळ बुडाली आणि तिच्यावरील १८ अधिकारी व १७६ नौसैनिक गेले. हे ट्रायडंटच्या शिल्पात नाही, पण त्या शिल्पासमोर उभे असताना मुलांना दोन्ही घटना एकत्र सांगाव्यात.

अमर चक्रातील स्तंभ साडेपंधरा मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याशी ज्योत अखंड तेवते. इथे मोठ्याने बोलू नये, ज्योतीकडे पाठ करून हसत फोटो काढू नयेत, मुलांना कठड्यांवर चढू देऊ नये. पहाऱ्यावरचे जवान अडवत नाहीत म्हणून या गोष्टी चालतात असे नाही. फुले वाहायची असतील तर कुठे वाहता येतील ते आधी विचारून घ्यावे.

परम योद्धा स्थल

मुख्य वर्तुळांपासून थोडे बाजूला परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे आहेत. थकवा आल्यामुळे बरेच जण इथपर्यंत येत नाहीत. पायांत बळ शिल्लक राहील अशा बेताने आधीचा वेळ खर्च करावा. २१ पैकी १४ जणांना हा सन्मान मरणोत्तर मिळाला. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची आहे. युरोपात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि इथल्या संस्कृतीचा इतका खोल अभ्यास केला, की पदकावर चार वज्रांची कल्पना त्यांनाच सुचली. पहिले परमवीर चक्र मिळालेले मेजर सोमनाथ शर्मा हे त्यांच्या मुलीचे दीर होते.

इथे काही पुतळ्यांसमोर मराठी माणसाने विशेष थांबावे. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे कारवारजवळच्या चेंडिया गावचे आणि बॉम्बे सॅपर्सचे, ज्यांचे केंद्र पुण्यात खडकीला आहे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी हा सुरुंगांनी आणि पाडलेल्या झाडांनी अडवलेला रस्ता त्यांनी शत्रूच्या गोळीबारात, जखमी अवस्थेत, सलग काही दिवस मोकळा केला. रणगाड्याच्या खाली सरपटत जाऊनही त्यांनी वाट काढली. हयातीत परमवीर चक्र मिळवणारे ते पहिले. लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांचा जन्म मुंबईचा आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा पुण्याचा. दोघेही पूना हॉर्स या एकाच रणगाडा दळाचे, एकाला १६ सप्टेंबर १९६५ रोजी आणि दुसऱ्याला १६ डिसेंबर १९७१ रोजी वीरमरण आले. खेत्रपाल तेव्हा अवघे एकवीस वर्षांचे होते. मेजर रामस्वामी परमेश्वरन हेही जन्माने मुंबईकर. महार रेजिमेंटचे हे अधिकारी २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत शांतिसेनेत लढताना कामी आले.

इंडिया गेटवरून हलवलेली उलटी बंदूक आणि शिरस्त्राण आता याच भागात आहेत.

संध्याकाळची मानवंदना आणि हुतात्म्यांचे कुटुंबीय

सूर्यास्ताच्या सुमारास स्मारकात रिट्रीटचा, म्हणजे दिवसअखेरच्या मानवंदनेचा, कार्यक्रम होतो. त्यात हुतात्मा जवानाच्या निकटच्या नातलगांच्या हस्ते पुष्पचक्र अर्पण केले जाते. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली एखादी आई, पत्नी किंवा मुलगा तिथे उभा असतो. त्या वेळी फोन खिशात ठेवून उभे राहावे, आणि कार्यक्रम संपल्यावर त्या कुटुंबाला फोटोसाठी घेरू नये. वेळ ऋतूप्रमाणे बदलत असल्याने आत शिरतानाच ती विचारून घ्यावी आणि पंधरा-वीस मिनिटे आधी अमर चक्राजवळ परतावे.

आपण स्वतः हुतात्म्याच्या कुटुंबातील असाल, तर सामान्य पर्यटकांच्या रांगेतून जाऊन परत येऊ नका. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाशी किंवा जवानाच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाशी निघण्याच्या बऱ्याच आधी संपर्क साधून या मानवंदनेबाबत विचारावे. विटेवरील नावात किंवा हुद्द्यात चूक आढळल्यास तिचा फोटो घ्यावा आणि कागदपत्रांच्या प्रतींसह त्याच कार्यालयांमार्फत दुरुस्तीची मागणी करावी.

ज्यांच्याजवळ आणखी अर्धा दिवस असेल, त्यांनी दोन ठिकाणे जोडून घ्यावीत. तीन मूर्ती हैफा चौकातील स्मारक २३ सप्टेंबर १९१८ रोजी आजच्या इस्राएलमधील हैफा शहर जिंकणाऱ्या घोडदळाशी निगडित आहे आणि तिथले तीन शिपाई जोधपूर, म्हैसूर व हैदराबाद या संस्थानांच्या घोडेस्वारांचे प्रतिनिधी आहेत. दिल्ली छावणीत ब्रार स्क्वेअरजवळची युद्ध समाधिभूमी त्याहून निवांत आहे आणि ज्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते त्यांच्यासाठी अधिक महत्त्वाची, कारण त्या काळातील नोंदींचा धागा तिथून पुढे सापडू शकतो. ती इंडिया गेटपासून बरीच दूर आहे, तेव्हा एकाच दुपारी सगळे उरकण्याऐवजी तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी जावे.